अंघोळीच्या चुलीत प्लास्टिक जाळताय? आधी हे वाचा

गावाकडं आता बऱ्याच घरात स्वयंपाकाला गॅस आहे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, त्यानंतर वाड्या-वस्त्यांवरही सिलिंडर पोचले. पण अंघोळीचं पाणी अजून कित्येक घरात चुलीवर नाहीतर बंबातच तापतं. आणि त्या चुलीत काय काय जातं ते आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. दुधाची रिकामी पिशवी, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, तुटकी चप्पल, कधी टायरचा तुकडा. एका काडीत चूल धडाधडा पेटते आणि अंगणातला कचराही संपतो. एका दगडात दोन पक्षी, असं वाटतं.

पण जळालं म्हणजे संपलं, असं प्लास्टिकचं नसतं. त्यातलं काही धुरात जातं, काही राखेत राहतं, आणि हे दोन्ही फिरून आपल्याच घरात येतं.

धूर कुणाच्या छातीत जातो?

प्लास्टिक नीट जळायला जेवढी उष्णता लागते तेवढी घरच्या चुलीत नसते. म्हणून तर काळा धूर निघतो आणि भिंतीवर चिकट काजळी बसते. जुना पीव्हीसी पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन, काही चपला हे जळताना आम्लाची वाफ सुटते. डोळे चुरचुरतात, घसा धरतो तो त्यानंच. याच धुरात डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते कॅन्सरला कारण ठरू शकतं आणि लवकर नष्ट होत नाही. हवेतून ते गवतावर, कडब्यावर बसतं, चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातं, चरबीत साठतं आणि दुधातून बाहेर येतं.

आणि चुलीपुढं बसतं कोण? घरातली बाई, म्हातारी माणसं आणि थंडीत शेकायला आलेली पोरं. पहिला धूर त्यांच्याच छातीत जातो.

राखेचं काय?

याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. चुलीची राख आपण टाकून देत नाही. तिनं भांडी घासतो, वांग्या-मिरचीच्या झाडावर मावा पडला की ती टाकतो, बियाण्याच्या कडधान्याला लावून ठेवतो. लाकडाची, गोवरीची राख असेल तर हे सगळं चांगलंच आहे. पण त्याच चुलीत प्लास्टिक आणि टायर जाळलं असेल तर ती राख भांड्याला लावायच्या लायकीची राहत नाही.

उकिरड्यावर टाकलं तर?

जाळायचं नाही म्हणून उकिरड्यावर टाकलं, तर तेही चालत नाही. पूर्वी उकिरड्यात शेण, पालापाचोळा, राख, खरकटं जायचं आणि वर्षभरात त्याचं खत व्हायचं. आता खताच्या गाडीबरोबर पिशव्याही रानात जातात. रोटाव्हेटरनं त्याच्या चिंध्या होतात, कुळवाला गुंडाळतात, आणि एकदा मातीत मिसळल्या की वेचून निघत नाहीत.

दुसरा फटका जनावरांना बसतो. शिळी भाकरी, भाजीची देठं आपण पिशवीत भरतो, गाठ मारतो आणि फेकतो. गाईला आतल्या भाकरीचा वास येतो, पण गाठ काही सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही आणि पुढंही सरकत नाही, पोटातच साठत जाते. जनावर चारा कमी करतं, पोट फुगतं, दूध आटतं. फार झालं तर डॉक्टरला पोट फाडून गोळा काढावा लागतो. म्हणून घरात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण अन्न पिशवीत बांधून टाकू नका.

मग करायचं काय?

चूल पेटवायला आपल्या रानात काय कमी आहे? तुराट्या, पऱ्हाटी, मक्याची बुरकुंडं, भुईमुगाची टरफलं, नारळाच्या शेंड्या. पावसाळ्याआधी दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवली की चूल पेटवायला पिशवी शोधावी लागत नाही.

न्हाणीजवळ खिळ्याला एक रिकामं पोतं अडकवा. घरातलं सगळं सुकं प्लास्टिक त्यातच टाकायचं. दुधाची, तेलाची पिशवी आधी पाण्यानं विसळून वाळवायची, म्हणजे वास येत नाही आणि मुंग्याही लागत नाहीत. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चिकटलेलाच राहू द्या. तो तुकडाच नेमका मातीत जातो.

बाटल्या, डबे, तुटक्या बादल्या, ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेतो, चार पैसेही देतो. औषधाच्या बाटल्या मात्र या पोत्यात नकोत. त्या फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं, बाटलीला भोक पाडायचं आणि ती वेगळी ठेवायची. घरात तेला-रॉकेलाला तर ती कधीच वापरू नका.

वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि चंदेरी पापुद्रा एकत्र चिकटवलेला असतो. यावर खरा उपाय म्हणजे त्या कमी आणणं. हिशोब करा. पाच माणसांच्या घरात आठवड्याला दहा पुड्या लागल्या तर वर्षाला पाचशेच्या वर होतात. मोठी बाटली किंवा शिकेकाई आणली तर त्या पाचशे पुड्या घरात येतच नाहीत.

बाजाराला कापडी पिशवी, दुधाला किटली, लग्नाकार्यात स्टीलची ताटं नाहीतर पळसाच्या पत्रावळी. आपल्या आजी-आजोबांचं सगळं असंच चालायचं. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरिबॅग 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंद आहेत. चहाच्या कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळं तो जाळायचा नाही आणि खड्ड्यातही टाकायचा नाही.

पोतं भरल्यावर कुठं द्यायचं?

इथं ग्रामपंचायतीचं काम सुरू होतं. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र उभारायला 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. अशा केंद्रात प्लास्टिक वेगळं करून दाबतात. काही डांबरी रस्त्याला वापरतात, काही सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जातं. तिथंही जाळतातच की, असं कुणी म्हणेल. पण त्या भट्टीची उष्णता हजार अंशाच्या वर असते आणि धूर गाळणारी यंत्रणा असते. आपल्या चुलीला यातलं काहीच नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न नक्की विचारा. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे? ते चालू आहे का? आपल्या गावातलं प्लास्टिक महिन्यातून कोणत्या दिवशी उचलणार? उत्तर तोंडी घेऊ नका, ठरावात लिहून घ्या. गावातल्या पन्नास घरांनी जरी भरलेली पोती दाखवून हे विचारलं, तरी ग्रामपंचायतीला गाडी लावावी लागेल.

तोवर पोतं कोरड्या जागी राहू द्या. सुकं प्लास्टिक सडत नाही, वास मारत नाही. ते महिनाभर कोपऱ्यात पडलं तर फक्त जागा अडते, पण चुलीत गेलं तर घरातल्या माणसांच्या छातीत जातं.