खोपोली : पडत्या पाण्याच्या पायथ्याशी पोलादाचे गाव

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, बोरघाट जिथे कोकणात उतरतो तिथे, पाताळगंगेच्या काठी खोपोली वसली आहे. आसपास लोखंडाची खाण नाही, दगडी कोळसा नाही, बंदरही नाही. तरीही गिअर, ॲक्सल आणि बेअरिंगला लागणारे मिश्रपोलाद, गॅल्व्हनाइज्ड पत्रे आणि पोलादी पाइप या छोट्या नगरपालिकेच्या हद्दीत आणि तिला लागून असलेल्या गावांत तयार होत आले आहेत. पोलादाच्या गावाला एरवी जे लागते त्यातले जवळजवळ काहीच इथे नव्हते. होती ती घाटाची वाट आणि वरून पडणारे पाणी.

घाटाची वाट जुनी. नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ इथे आहे. घाट चढण्याआधीचा हा मुक्काम होता. 1856 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे खंडाळ्यापर्यंत पालखी, घोडा नाहीतर बैलगाडी, आणि तिथून पुन्हा पुण्याची गाडी. 1863 मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग कर्जतमार्गे वर गेला, तेव्हा खोपोली मुख्य लोहमार्गावरून बाजूला पडून एका फाट्याचे शेवटचे स्टेशन झाली. आजही कर्जतहून येणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत इथे येऊन संपते.

गावाला दुसरा जन्म दिला तो विजेने. पश्चिम घाटातला पाऊस अडवून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज द्यावी ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. 1904 मध्ये त्यांचे निधन झाले. कंपनी उभी राहिली 1910 मध्ये. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत साठवलेले पाणी मोठ्या नळांतून कड्यावरून खाली आणले गेले. तलावांपासून खोपोलीच्या वीजगृहापर्यंतची उतरण पाचशे मीटरहून अधिक आहे. 1915 मध्ये वीज सुरू झाली आणि मुंबईतल्या गिरण्यांची वाफेची इंजिने एकेक करून थंडावू लागली. घाटाच्या उतारावरून उतरणारे नळ आजही दिसतात. जुनी यंत्रे बदलली असून केंद्राची क्षमता 72 मेगावॉट आहे. मुंबईच्या आजच्या गरजेपुढे हा आकडा लहान आहे, पण त्याचे महत्त्व आकड्यात नाही.

एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याला पेल्टन चाक लागते. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत राबलेल्या लेस्टर पेल्टनने ते घडवले आणि 1880 मध्ये त्याचे पेटंट घेतले. चाकाच्या परिघावर जोडवाट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक धारदार कणा असतो. नळाच्या तोंडातून सुटलेली पाण्याची झोत त्या कण्यावर आदळून दुभंगते, दोन्ही वाट्यांतून वळते आणि जवळजवळ आली त्याच दिशेला परत फिरते. वळताना ती आपली जवळजवळ सगळी ताकद चाकाला देऊन टाकते. कड्यावरून सुसाट आलेले पाणी वाटीतून सुटते तेव्हा त्यात जोर उरलेला नसतो. ते खालच्या चरात नुसते गळून पडते.

या यंत्राचा सगळ्यात हट्टी भाग मात्र चाक नसून त्याला थांबवणे आहे. मुंबईकडची मागणी एकाएकी तुटली तर जनित्रावरचा भार जातो आणि चाक भरमसाट वेगाने फिरू लागते. पाणी ताबडतोब तोडावे तर तेही चालत नाही. पाचशे मीटर उंच नळात धावणारे पाणी अचानक अडवले तर त्याचा धक्का नळात उलटा फिरतो आणि नळ फाटू शकतो. म्हणून झोतीच्या तोंडापुढे एक पोलादी पाते बसवलेले असते. भार तुटताच ते क्षणात आडवे येते आणि झोत चाकावरून बाजूला लोटते. पाणी वाहतच राहते, फक्त चाकाला लागत नाही. मग तोंडातली भाल्यासारखी सुई सावकाश पुढे सरकून वाट बंद करते. घाई पात्याने करायची आणि सबुरी सुईने पाळायची, अशी ही विभागणी आहे. या वीजगृहातली सर्वात सुंदर गोष्ट तीच.

चाकाखाली पडलेले पाणी पाताळगंगेला मिळते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात खडकांत हरवतात. पाताळगंगा एप्रिल-मेमध्येही वाहते ती या सोडलेल्या पाण्यामुळे. जलविद्युत प्रामुख्याने जास्त मागणीच्या तासांत चालवली जाते, त्यामुळे नदीची पातळी मुंबईतल्या दिवे-पंख्यांच्या वेळापत्रकाशी बांधलेली आहे. मराठवाड्यात पूर्णा नदीवर असे पाणी मुद्दाम झेलले जाते: येलदरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी हिंगोली जिल्ह्यातले सिद्धेश्वर धरण पुन्हा अडवते आणि कालव्याने शेतीला देते. पाताळगंगेवर खाली असे दुसरे मोठे धरण नाही. सुटलेले पाणी तिथल्या तिथे उचलायचे, नाहीतर ते धरमतरच्या खाडीत जाते. उचलणारे आधी कारखाने होते. खाली रसायनीची औद्योगिक वसाहत आली आणि पाणीपुरवठ्याच्या योजनाही आल्या.

पोलाद आले ते 1960 नंतर. 1962 मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या युजिन कंपनीबरोबर महिंद्रा युजिन स्टील, म्हणजे गावकऱ्यांची 'मस्को', स्थापन केली. पुढे झेनिथचे पाइप, उत्तम गॅल्वाचे पत्रे, भूषण स्टीलचा सावरोलीचा कारखाना असे एकेक नाव जोडले गेले. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ मोनोंगाहेला नदीकाठी ब्रॅडॉक आणि होमस्टेड ही पोलादाची गावे वसली ती कोळशामुळे. नदी बार्जमधून कोळसा वाहायची आणि काठावरच्या झोतभट्ट्या तो खायच्या. खोपोलीची नदी एकही होडी वाहत नाही. इथला कच्चा माल म्हणजे भंगार. ते ट्रकने येते आणि विजेवर वितळते. वीज ग्रिडमधून येते, त्यामुळे हे पोलाद थेट वळवणच्या पाण्यावर शिजते असे म्हणता येणार नाही. पण तयार मालाची गिऱ्हाइके मुंबई-पुण्याच्या मोटार कारखान्यांत होती, मधोमध खोपोली होती, आणि बारमाही पाणी होते.

विद्युत चापभट्टीत तीन ग्राफाइटचे खांब भंगारावर उतरवले जातात आणि वीज कडाडू लागते. पहिली काही मिनिटे आवाज सहन होत नाही. भंगार बुडाशी वितळून रस जमला की आवाज खाली बसतो, आणि भट्टीवरचा जुना माणूस त्या बदलावरून आत काय चालले आहे ते ओळखतो. एका वेळी वितळवलेल्या रसाला इथे 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटला क्रमांक असतो आणि तो शेवटच्या सळईपर्यंत तिचा पिच्छा सोडत नाही. पाच-सात वर्षांनी कुठे एखादा ॲक्सल मोडला तर त्या क्रमांकावरून त्या दिवसाची नोंद काढता येते. तापमान घ्यायला लांब नळीच्या टोकाला पुठ्ठ्याच्या आवरणातले तापमापक लावून ती रसात खुपसतात. काही सेकंदांत आकडा मिळतो आणि पुठ्ठा जळून जातो. त्याच वेळी लहानसा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. कार्बन, क्रोमियम, निकेल, गंधक यांचे प्रमाण येईपर्यंत हीट थांबते. जालन्याच्या भट्ट्यांतही भंगारच वितळते, पण त्यातून मुख्यतः बांधकामाची सळई निघते आणि तिथे वेगाला महत्त्व आहे. मिश्रपोलादात एका घटकाचा थोडा अंश चुकला तरी माल परत येतो. त्या थांबण्यात या कामाचा कस लागतो. साठ वर्षांत ते कौशल्य बापाकडून मुलाकडे आणि कामगाराकडून शेजारच्या कामगाराकडे गेले, आणि गावाची खरी कमाई हीच आहे.

ही कमाई टिकवणे आता सोपे राहिलेले नाही. कारखान्यांच्या पाट्या बदलत गेल्या. मस्कोच्या पोलाद विभागात जपानची सॅन्यो स्पेशल स्टील भागीदार म्हणून आली आणि पुढे बहुसंख्य मालकी तिच्याकडे गेली. भूषण स्टील दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून 2018 मध्ये टाटा स्टीलकडे आले. उत्तम गॅल्वाही त्याच वाटेने आर्सेलर मित्तल गटात गेले. भट्ट्या विझल्या नाहीत, ही मोठीच गोष्ट आहे. होमस्टेडचा कारखाना 1986 मध्ये कायमचा बंद पडला. मात्र मालक बदलताना हिशेब नव्याने मांडला जातो, आणि कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार येण्याची रीत देशभरच्या पोलाद उद्योगात पक्की झाली आहे. सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या माणसाला भट्टीचा आवाज ओळखण्याइतका वेळ मिळत नाही.

भंगारावर चालणाऱ्या भट्टीचा खर्च मुख्यतः भंगार आणि वीज यांच्या भावावर ठरतो, आणि हे दोन्ही भाव गावाच्या हातात नाहीत. द्रुतगती महामार्गामुळे मुंबई आणि पुणे दोन्ही जवळ आली, तशी जमीन महाग झाली. दुसऱ्या घराची, रिसॉर्टची आणि गोदामांची मागणी कारखान्याच्या भिंतीला येऊन टेकली आहे. तालुक्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांना या सगळ्यात मजुरीपलीकडे फारसे काही आले नाही, हे इथल्या प्रगतीच्या हिशेबात मांडायलाच हवे.

नदीचे दुखणे वेगळे. पाताळगंगेचा समावेश प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत झाला आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यात वाढत्या वस्तीचे मैलापाणी मिसळते. वीजगृहातून भरपूर पाणी सुटते तेव्हा घाण पातळ होऊन वाहून जाते. पाणी कमी असते तेव्हा तीच डोहांत साचते.

सर्वात मोठा प्रश्न मात्र घाटमाथ्यावर आहे. लोणावळा, वळवण, शिरवट्याचे पाणी निसर्गाने इंद्रायणी-भीमेकडे, म्हणजे पूर्वेला जायचे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवल्या जाणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातली आहे, पण वळवणे थांबवलेले नाही. सोलापूर आणि मराठवाड्याच्या दुष्काळी भागांतून हे पाणी परत पूर्वेला सोडण्याची मागणी दर टंचाईच्या वर्षी जोर धरते, आणि ती अन्याय्य म्हणता येणार नाही: वीज सौर पॅनेलवरूनही मिळते, पिण्याचे पाणी मिळत नाही. पण उद्या ती मागणी पूर्ण झाली तर पाताळगंगेचा उन्हाळी प्रवाह आटेल, आणि त्याबरोबर कारखान्यांचे शीतजल, रसायनीचा पुरवठा आणि खालच्या गावांच्या योजना अडचणीत येतील. शंभर वर्षांत वरच्या पाण्यावर खाली एक नवे खोरेच वसले आहे, आणि कोणत्याही निवाड्यात त्याची स्वतंत्र बाजू मांडावी लागेल. आतापर्यंतचा वाद वीज विरुद्ध शेती असाच मांडला गेला आहे. त्यात भट्टीवरचा कामगार आणि पाताळगंगेचे पाणी पिणारी वस्ती क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी पर्यायी पाणी कुठून आणायचे, याचा विचार तलावांची दारे फिरवण्याआधी व्हायला हवा. पावसाळ्यात इथे पाणी कमी नाही. ते उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवील असा मोठा साठा खाली अजून उभा राहिलेला नाही.