हवाईची शिकारी अळी : समज आणि वस्तुस्थिती

पतंगांच्या अळ्या पाला खातात, हा समज बहुतेक जातींपुरता खरा आहे. हवाई बेटांवरची युपिथेशिया ओरिक्लोरिस मात्र माश्या आणि इतर लहान कीटक खाते. एडवर्ड मेरिक यांनी १८९९ मध्ये या पतंगाचे शास्त्रीय वर्णन केले. पण हवाईतल्या युपिथेशिया अळ्या मांसाहारी आहेत, हे स्टीव्हन माँटगोमेरी यांच्या निरीक्षणातून १९७२ मध्ये उघड झाले. पतंगाला नाव मिळाले म्हणजे तो कळला, असे नसते.

शिकारी म्हटल्यावर पाठलाग डोळ्यांपुढे येतो. ही अळी जागची हलत नाही. पानाची कड मागच्या पायांनी धरून ती निश्चल पडून राहते. रंग हिरवा, त्यामुळे सहसा नजरेत भरत नाही. शरीराच्या मागच्या टोकाला संवेदनशील केस असतात. एखादी माशी त्यांना घासली, की अळीचा पुढचा भाग उलटा वळून थेट तिच्यावर झेपावतो. सारा प्रकार सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतो. छातीच्या सहा लांब पायांना अणकुचीदार नख्या असतात. त्यांत माशी अडकते आणि जिवंतपणीच खाल्ली जाते.

युपिथेशियाच्या साऱ्याच जाती मांसाहारी आहेत, असेही नाही. जगभरातल्या चौदाशेहून अधिक जातींपैकी बहुसंख्य फुले, बिया, पाने यांवर जगतात. खुद्द हवाईतली युपिथेशिया मॉन्टिकोलेन्स ओहिया झाडाची फुले खाते. या बेटांवर मूळचे खंडोबाचे किडे, म्हणजे प्रार्थनाकीटक, नव्हते. ती मोकळी जागा या अळ्यांनी घेतली असावी, असा अंदाज आहे.

आणखी एक घोटाळा महाराष्ट्रातला. पाठीची कमान करत चालणारी प्रत्येक उंटअळी एकाच कुळातली मानली जाते. युपिथेशियाच्या जिओमेट्रिडी कुळातल्या अळ्यांना पोटाखाली सहसा पायांच्या दोनच जोड्या असतात, म्हणून त्या कमान करतात. सोयाबीनवरची हिरवी उंटअळीही तशीच चालते, पण ती नॉक्टुइडी कुळातली आहे आणि तिला अशा तीन जोड्या असतात.

मांसाहारी अळ्या फक्त हवाईतच असतात, हेही खरे नाही. भारतात आढळणाऱ्या स्पाल्गिस इपियस या फुलपाखराची अळी पिठ्या ढेकूण खाते. पिकावर ती दिसली, तर मारू नये.