दोन शिक्षक, पाच इयत्ता

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. बियाणे आणि पोलाद या दोन व्यवसायांच्या बळावर जालना शहराने हा लौकिक काही अंशी आजही राखला आहे. परंतु १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची दुसरी बाजू २०११ च्या जनगणनेत दिसते. राज्यातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३ टक्के असताना जिल्ह्याचे प्रमाण सुमारे ७१.५ टक्के होते. स्त्रियांचे तर ६१ टक्क्यांच्या आसपास. निजामी राजवटीतील उपेक्षा हे या मागासलेपणाचे एक कारण खरेच. परंतु ती राजवट संपून पाऊणशे वर्षे उलटली आहेत. आजच्या उणिवेचा जाब आजच्याच धोरणाला विचारला पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या शाळांतील अध्यापनाचा दर्जा घसरला, ही तक्रार आता नित्याची झाली आहे आणि तिचा रोख बहुधा शिक्षकावर असतो. काही शिक्षक कामात कुचराई करतात, हे नाकारता येणार नाही. परंतु शासनाने शाळेला दिलेली साधने आणि तिच्याकडून केलेली अपेक्षा यांचा मेळ बसतो काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

तासांचा हिशेब

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन मिळाले पाहिजे. त्याच परिशिष्टात ६० पर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक, तर १२१ ते १५० पटाच्या शाळेला पाच शिक्षक ठरवून दिले आहेत.

आता साधे गणित मांडून पाहावे. दोन शिक्षकांचे मिळून वर्षाला १,६०० तास होतात. ते पाच इयत्तांत वाटले की प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला ३२० तास येतात. दीडशे पटाच्या शाळेतील मुलाला मात्र पूर्ण ८०० तास मिळतात. कुशल शिक्षक पहिली-दुसरीला एकत्र बसवून ही तूट थोडी भरून काढतो. परंतु चौथीचा भागाकार आणि पहिलीची अक्षरओळख एकाच वेळी शिकविता येत नाही. शिवाय निवडणूक व जनगणना ही कामे कायद्यानेच शिक्षकाकडे ठेवली आहेत. त्यांत बैठका, प्रशिक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी व संगणकावर भरावयाची माहिती यांची भर पडते. ज्या दिवशी दोघांपैकी एक शिक्षक बाहेर असतो, त्या दिवशी पाचही वर्ग एकावर पडतात.

हा प्रश्न जालन्यासारख्या जिल्ह्यात अधिक बिकट होतो. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांत वाड्या, वस्त्या आणि तांडे विखुरलेले आहेत; तेथील शाळांचा पट लहानच राहणार. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, तेव्हा तोही निम्म्यावर येऊ शकतो. उन्हाळ्यात परतलेले मूल मधला अभ्यास गमावूनच आलेले असते.

पटावर तोललेला पैसा

पैशाचेही तसेच आहे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपयांचे संयुक्त अनुदान मिळते. म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. वीजबिल, खडू, फळा, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता एवढ्यातच भागवायची. अर्थशास्त्रात ज्याला स्थिर खर्च म्हणतात, तो पट घटला म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. मुले पंधरा असोत वा चाळीस, छप्पर एकच असते. त्यातही हे अनुदान पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती पडते. मग गावाकडून वर्गणी गोळा होते, किंवा शिक्षक स्वतःच्या खिशात हात घालतो.

मनुष्यबळाबाबतही काटकसरीचीच दृष्टी राहिली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या प्राथमिक शिक्षकाचे मानधन २०२३ पर्यंत ६ हजार रुपयांवर होते. त्या वर्षी ते १६ हजार झाले. पहिली तीन वर्षे अशा मानधनावर काढावी लागत असतील, तर हुशार तरुणाने या व्यवसायाकडे कोणत्या ओढीने वळावे? मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा लहान शाळांच्या भवितव्याविषयीची चिंता आणखी वाढली.

लहान शाळा मिटवून समूहशाळा कराव्यात, असा एक उपाय २०२३ पासून चर्चेत आहे. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, हा त्यातील युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्यात वाचणारा खर्च नाहीसा होत नाही. तो वाहनाच्या, अंतराच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या रूपाने पालकाच्या माथी येतो. तो त्याला पेलला नाही, तर शाळा सुटते ती प्रथम मुलीची.

तेव्हा निकषच बदलावयास हवेत. शिक्षकांची संख्या केवळ पटावर न ठरविता इयत्तांवरही ठरावी आणि पाच इयत्तांच्या शाळेला निदान तीन शिक्षक मिळावेत. पटाशी न जोडलेले किमान अनुदान जूनमध्येच शाळेच्या हाती यावे. माहिती भरण्याचे काम केंद्रपातळीवरील लिपिकाकडे द्यावे. हंगामी वसतिगृहे ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी उघडावीत.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी हे उद्दिष्ट पुन्हा स्वीकारले. ते गाठले मात्र कधीच गेले नाही. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले होते की, कर भरतो शेतकरी आणि त्यातून चालणारे शिक्षण लाभते वरच्या वर्गांना. तांड्यावरच्या शाळेतील मुलाचे आईबापही कापड, काडेपेटी घेताना कर देतातच. कायद्याने कबूल केलेले ८०० तास त्यांच्या मुलाला मिळत नसतील, तर थकबाकीदार शासन आहे. आणि ही थकबाकी दरवर्षी वाढत आहे.