दूध गेले, साय उरली

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपल्याकडे म्हणतात. मुलांना वाढवताना धाक असतो, काटकसर असते. नातवंडांच्या वाट्याला येते ते आजीचे निव्वळ कौतुक. पण दूधच गेले आणि हाती फक्त साय उरली तर? ज्या वयात सुनेच्या हातचा आयता चहा घ्यायचा, त्या वयात आजीला पुन्हा आई व्हावे लागले तर?

युगांडाच्या नैर्ऋत्य टोकाला, कानुंगू जिल्ह्यात, हे घरोघरी घडले. बहुतेक रोगांचा पहिला घाव म्हाताऱ्यांवर आणि तान्ह्यांवर पडतो. एड्सने मात्र कमावती, लेकुरवाळी पिढीच उचलली. घरात उरल्या आज्या आणि त्यांच्या पदराला धरून उभी असलेली पोरे.

याच भागातल्या न्याकाग्येझी गावचे ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी शिकून अमेरिकेत गेले होते. १९९६ मध्ये एड्सने त्यांचा भाऊ गेला, मागे तीन मुले ठेवून. पाठोपाठ बहीणही गेली. २००१ मध्ये ते बेरोंडा माँटगोमेरी यांच्यासह गावी आले, तेव्हा दाराशी आज्यांची रीघ लागली. प्रत्येकीबरोबर नातवंडे, प्रत्येकीची विनवणी एकच : यांच्या शिक्षणाचे काहीतरी बघा. त्या दोघांनी घर घेण्यासाठी पाच हजार डॉलर साठवले होते. घर राहिले, त्या पैशांतून शाळा उभी राहू लागली. २००३ मध्ये ती सुरू झाली. फी नाही, गणवेश, पुस्तके, जेवण शाळेचे. ‘न्याका’ या संस्थेची ही सुरुवात.

पण शाळा दुपारी सुटते आणि मूल घरी जाते. तिथे छप्पर गळत असेल, चुलीच्या धुराने आजी खोकत असेल, तर पाटीवरचे अक्षर किती टिकणार? मुलाला हात द्यायचा तर आधी आजीला उभे करायला हवे, हे संस्थेने ओळखले आणि आज्यांसाठी वेगळे काम सुरू केले.

या कामातली मोलाची गोष्ट अशी की, दान देणारा वर आणि घेणारी खाली, असे इथे ठेवले नाही. गावोगावच्या आज्यांनी आपापले गट केले, आपल्यातूनच पुढारी निवडल्या. घर कोणाला बांधून द्यायचे, स्वयंपाकघर किंवा संडासाची गरज कोणाला जास्त, छोटे कर्ज कोणाला द्यायचे, हे त्याच ठरवतात. कोणाची चूल थंड आहे हे शेजारणीइतके दुसऱ्या कोणाला कळणार? शिवाय गटात बसलेल्या बहुतेकींनी पोटचे मूल मातीआड केलेले. तिथे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

एक धाकधूक मात्र कोणतीही संस्था मिटवू शकत नाही. पासष्टीच्या आजीच्या मांडीवर पाच वर्षांचे नातवंड. ते हाताशी येईपर्यंत आपण पुरू का? या शर्यतीत तिला हवी असते ती दया नव्हे. हवी असतात आणखी काही वर्षे, आणि त्या वर्षांत गळणार नाही असे छप्पर.

कागुरी आणि माँटगोमेरी यांचे घर राहून गेले खरे. पण त्या पाच हजार डॉलरांनी किती घरांना आधार दिला, याचा हिशेब त्या आज्याच सांगू शकतील.