पळी कुठवर बुडते

मिसळीच्या दुकानात जागा निवडता आली, तर ताटल्या भरणाऱ्या माणसासमोर बसावं. कोल्हापुरातल्या लहान दुकानांत हे जमतं. शेगडी बहुधा दर्शनी बाजूलाच असते, तिच्यावर कटाचं रुंद पातेलं, शेजारी मटकीचं, आणि मागे चिवड्याचा डबा. गिऱ्हाइकाला सगळं दिसतं, फक्त बघायचं मनावर घेतलं पाहिजे.

मी ज्या दुकानाबद्दल लिहितो आहे ते शिवाजी उद्यमनगराच्या बाजूला, एका गल्लीत आहे. आजूबाजूला लेथ, ड्रिलिंग मशीन, ऑइल इंजिनांचे सुटे भाग. सकाळी आठच्या सुमारास बाकांवर बसलेल्यांत निम्मे लोक कामावर निघालेले असतात. त्यांना गप्पा नको असतात, पोटात काहीतरी गरम आणि टिकाऊ जायला हवं असतं. रविवारी याच बाकांवर घरची माणसं येतात, लहान मुलं, आजोबा, लग्नाला आलेले पाहुणे. टेबल कुणाचं एकट्याचं नसतं. जागा दिसली की बसायचं, समोरचा सरकून घेतो.

ताटली भरायला त्या माणसाला अर्धा मिनिटही लागत नाही, पण त्यात क्रम पक्का आहे. तळाला बटाट्याची भाजी, थोडीच, चमच्याने दाबलेली. तिच्यावर मोड आलेल्या मटकीची उसळ. ती तो झाऱ्याने उचलतो, पातेल्याच्या काठावर क्षणभर निथळू देतो आणि मगच घालतो. मग मूठभर शेव-चिवडा, चिरलेला कांदा, कोथिंबीर. सगळ्यात शेवटी कट, आणि तो चिवड्यावर ओतत नाही. ताटली किंचित कलती धरून कडेने सोडतो. कट खाली उतरतो, बटाटा तो धरून ठेवतो आणि वरची शेव टेबलापर्यंत कुरकुरीत राहते. कट वरून ओतला असता तर गिऱ्हाइकाच्या हातात लगदा आला असता. मिसळीत आधीपासून शिजवून ठेवलेलं बरंच असतं, पण मिसळ तयार होते ती या शेवटच्या ओतण्यात, म्हणून मी तिथे बसतो.

खरी करामत मात्र पळीची. पातेल्यातला कट स्थिर असला की त्याचे दोन थर दिसतात. वर लालभडक तेलाचा तवंग, खाली कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा दाटसर, तपकिरी रस्सा. नुसती वरवर पळी फिरवली तर ताटलीत तेलच जाईल. थेट तळाशी घातली तर वाटणाचा गाळ येईल, रंगही फिका. तो पळी आडवी धरून तवंग थोडा बाजूला सारतो, बुडवतो आणि वर येताना तवंगातून काढतो. दोन्ही थर मापात येतात. कुणी “तिखट कमी द्या” म्हणालं की पळीच्या पाठीने तवंग दूर लोटून फक्त खालचं घेतो. उद्यमनगरातला एखादा नेहमीचा गडी “वरचं सोड की वाईच” म्हणतो, त्याला उलट. पातेलं एकच असतं, तिखटाचे प्रकार तीन-चार निघतात.

याला कारण आहे. मिरचीतला झोंबणारा घटक, कॅप्सायसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. म्हणून जिथे रंग तिथेच जाळ. पळीवाल्याला हे रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायची गरज पडत नाही, त्याच्या मनगटाला ते ठाऊक आहे. शेगडी तो मंद ठेवतो, तेही याचसाठी. कट खळखळा उकळला की तेल रश्श्यात घुसळलं जातं, तवंग मोडतो आणि सगळं गढूळ, एकसारखं तिखट होऊन बसतं. मग पळीला निवडायला काही उरत नाही.

या तवंगाची तयारी उन्हाळ्यात सुरू होते. कोल्हापूरकडे घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी याच दिवसांत होते. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, धणे, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं. त्या दिवसांत कांडपाच्या दुकानावरून जाताना अख्खी गल्ली शिंकत असते. मिरचीचा मेळ महत्त्वाचा: ठसक्यासाठी आणि चवीसाठी संकेश्वरी, रंगासाठी ब्याडगी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेल्या सालीची, तिखटाला सौम्य आणि रंगाला गडद. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. नुसत्या संकेश्वरीचा कट जीभ जाळतो, नुसत्या ब्याडगीचा कट दिसतो भारी आणि खायला मुका. दुकानाची ओळख या दोहोंच्या प्रमाणात असते, आणि ते प्रमाण कुणी सांगत नाही. मीही विचारलं नाही.

चटणी तेलात घालण्याचा क्षण मात्र मी पाहिला आहे. तेल तापलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून झालं, बाजूने तेल सुटलं की पातेलं आचेवरून खाली येतं. चटणी पडते ती त्यानंतर. आचेवरच घातली तर काही क्षणांत करपते, लालाचा काळपट होतो आणि कडवटपणा दिवसभर कटात राहतो. चटणी पडली की लगेच मटकी शिजवलेलं पाणी. हे पाणी फेकणारी दुकानं असतील, तर त्यांच्या कटाला अंग नसतं असं माझं ठाम मत आहे. मटकीच्या पाण्याचा किंचित मातकट गोडवा तिखटाला खाली टेकायला जागा देतो.

मटकीला आदल्या दिवसापासून वेळ द्यावा लागतो. भिजवायची, उपसायची, ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. थंडीत मोड यायला उशीर, उन्हाळ्यात घाई, आणि तेव्हा लक्ष नसलं तर आंबूस वास. मोड फार लांबले की शिजताना तुटतात. दाणा अख्खा हवा, बोटाने दाबला तर दबणारा, पण आपणहून न फुटणारा.

पुण्या-मुंबईकडे मिसळीला लादी पाव लागतो, कोल्हापुरात ब्रेडच्या स्लाईस. बाहेरचे लोक याला नाकं मुरडतात. पावाला वरून साल असते, तो कट सावकाश घेतो. स्लाईस उघडी असते, बुडवताक्षणी भरते आणि तिथल्या तिथे खावी लागते. भराभर जेवून कामावर जाणाऱ्याला हीच बरी. पुणेरी मिसळीत पोहे येतात, गोडसर अंग येतं, नागपूरकडे तर्री पोह्यांवर जाते. आपापल्या जागी सगळं चांगलं आहे. पण रश्श्याला कट म्हणणाऱ्या गावात रस्सा हाच मुख्य पदार्थ असतो, बाकीचं त्याच्या सोबतीला.

म्हणूनच जादा कटाचे पैसे हे दुकान घेत नाही. एक पोरगा स्टीलचा जग घेऊन बाकांमधून फिरत असतो. “मामा, कट?” मामा मान हलवतो. प्रत्येक ताटलीपाशी जग वाकवण्याआधी पोरगा तो गोल हिसडतो. जगातही तवंग वरच येतो, आणि न हलवता ओतलं तर पहिल्या टेबलाला नुसतं तेल मिळेल, शेवटच्याला फिकं पाणी. मोठ्या पातेल्यात पळी जे करते ते इथे हिसडा करतो. तिखट चढलेल्या पाहुण्याने पाण्याचा पेला उचलला, तर हाच पोरगा म्हणतो, “पाणी नको, ताक घ्या.” त्याचं बरोबर आहे. पाणी तिखट फक्त तोंडभर पसरवतं, ताक-दह्यातली प्रथिनं ते धरून नेतात.

अलीकडे हमरस्त्यांवर मिसळीच्या मोठमोठ्या जागा झाल्या आहेत. मोठं ताट, त्यात पापड, जिलेबी, दही, आणि कटाची आधीच भरून ठेवलेली वाटी. पोट भरतं, मुलं खूश होतात. मला मात्र त्या वाटीचं वाईट वाटतं. ती भरणाऱ्याला समोर कोण बसलंय हे माहीत नसतं, त्यामुळे पळीचा निर्णयच उरत नाही. सगळ्यांना एकच तिखट मिळतं, आणि वाटी टेबलावर येईपर्यंत कट कोमट झालेला असतो.

उद्यमनगराच्या त्या दुकानात बाराच्या आसपास मटकी संपते. ताजी उसळ लगेच होत नसते, त्यामुळे मालक नव्या गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, “मिसळ संपली.” कट मात्र शिल्लक असतो. मग कढईत बटाटेवडे पडतात. गरम वडा ताटलीत फोडून त्यावर तोच कट घालतात. कटवडा खायला बाराच्या पुढे मुद्दाम येणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी पळी थोडी खोल जाते, कारण वड्याच्या आवरणाला तेल आधीच पुरेसं असतं.