फाइलवर ‘अबॉर्शन’ लिहिलंय म्हणजे तिनं गर्भ पाडला का? प्रसूतीच्या फाइलवरचे शब्द समजून घ्या

मंडणगडपासून राजापूरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हे चित्र ओळखीचं आहे. सून गावात, नवरा मुंबईत नोकरीला. सोनोग्राफी झाली की रिपोर्टचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर मुंबईला जातो आणि तिथून फॅमिली ग्रुपवर. मग कुणीतरी त्यातला एखादा इंग्रजी शब्द गुगल करतं आणि घरभर काळजी सुरू होते. कधी काळजी, तर कधी थेट संशय.

कारण प्रसूती आणि स्त्रीरोग विभागातले बरेच शब्द ऐकायला ओळखीचे वाटतात, पण डॉक्टरांच्या भाषेत त्यांचा अर्थ वेगळा असतो. आणि चुकीचा अर्थ लागला तर बोलणी खावी लागतात ती बाईला. म्हणून फाइलवर नेहमी दिसणारे काही शब्द आज नीट समजून घेऊ.

जी ३, पी १, एल १, ए १ म्हणजे काय?

गरोदर बाईच्या फाइलवर सुरुवातीलाच हा कोड असतो.

जी म्हणजे ग्रॅव्हिडा. आत्ताचं धरून आजवर किती वेळा दिवस गेले, तो आकडा. पी म्हणजे पॅरा. बाळ जगू शकेल इतके दिवस भरल्यावर किती बाळंतपणं झाली, तो आकडा. एल म्हणजे आज हयात असलेली मुलं. आणि ए म्हणजे अबॉर्शन.

म्हणजे वरच्या कोडचा अर्थ असा: ही तिसरी खेप, आधी एक बाळंतपण झालंय, एक मूल हयात आहे आणि एकदा गर्भपात झालाय.

गोंधळ होतो तो शेवटच्या अक्षरावरून.

‘पडणं’ आणि ‘पाडणं’

रोजच्या बोलण्यात अबॉर्शन म्हटलं की ‘ठरवून केलेला गर्भपात’ असाच अर्थ घेतला जातो. वैद्यकीय भाषेत मात्र साधारण २० आठवड्यांच्या आत गर्भ टिकला नाही, तर त्याला अबॉर्शनच म्हणतात. तो आपोआप गेला असो की डॉक्टरांकडून करून घेतलेला असो.

आपल्या बोलीत हा फरक एका कान्यात स्पष्ट होतो. गर्भ ‘पडला’ आणि गर्भ ‘पाडला’. फाइलवरचं ए १ हा काना सांगत नाही. आपला पुस्तकी ‘गर्भपात’ हा शब्दही सांगत नाही.

त्यामुळे लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आपोआप गर्भ गेलेल्या बाईच्या फाइलवरही ए १ च येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ आपोआप जाण्याचं सगळ्यात मोठं कारण गर्भातल्या गुणसूत्रांमधला दोष हे असतं. पपई खाल्ली, जिना चढली, एसटीतून आली म्हणून तो गेला, असं धरून चालणं चूक आहे.

हा शब्द डॉक्टरांनाही खटकला होता. १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहून सुचवलं की, आपोआप जाणाऱ्या गर्भासाठी अबॉर्शनऐवजी मिसकॅरेज म्हणावं. तिकडे हळूहळू तो बदल रुजला. आपल्याकडे अजून दोन्ही शब्द चालतात.

आणि समजा गर्भपात ठरवून केलेला असेल तर? भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासरची सही कायदा मागत नाही. तिचं नाव आणि माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

लग्नाला सात आठवडे, मग रिपोर्टमध्ये नऊ कसे?

हा दुसरा संशयाचा मुद्दा. उत्तर साधं आहे. गर्भारपणाचे आठवडे संबंध आलेल्या दिवसापासून मोजत नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. फाइलवर त्यालाच एल.एम.पी. लिहितात. २८ दिवसांची पाळी असेल तर गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे गर्भ राहतो त्या दिवशीच हिशोबात दोन आठवडे जमा झालेले असतात.

प्रसूतीची अंदाजे तारीख म्हणजे ई.डी.डी. ती काढताना एल.एम.पी.मध्ये नऊ महिने सात दिवस मिळवतात. आपल्या ‘नऊ महिने नऊ दिवसां’च्या अगदी जवळ! पण हा अंदाज आहे. नेमकी त्याच तारखेला फार थोडी बाळं जन्मतात. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरत आले असं समजतात, त्यामुळे तयारी तेव्हापासूनच हवी.

थ्रेटन्ड, मिस्ड, इनकॉम्पिटन्ट

‘थ्रेटन्ड अबॉर्शन’ म्हणजे गर्भ गेला असं नाही. अंगावरून रक्त गेलंय, पण गर्भाशयाचं तोंड बंद आहे. यातल्या अनेक जणींचं बाळ पुढे नीट वाढतं. ‘मिस्ड अबॉर्शन’ म्हणजे गर्भाची वाढ आतल्या आत थांबली, पण तो बाहेर पडलेला नाही. कुणाचं काही लक्ष चुकलं, असा त्याचा अर्थ नाही.

‘इनकॉम्पिटन्ट सर्व्हिक्स’ हा तर ‘नालायक’ ठरवणारा शब्द. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी, कळा न येताच उघडतं, एवढंच त्यात सांगायचं असतं. आता त्याऐवजी ‘सर्व्हायकल इनसफिशियन्सी’ म्हणतात. यावर गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याची एक पद्धत जगभर आपल्या माणसाच्या नावानं ओळखली जाते. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी ती १९५५ मध्ये मांडली. म्हणून तो ‘शिरोडकर स्टिच’.

‘पिशवी काढली’, पण नेमकं काय काढलं?

इथे गोंधळ आपल्या मराठी शब्दाचा आहे. गर्भाशय म्हणजे पिशवी. पण ‘पिशवी काढली’ म्हटल्यावर बीजांडकोश ठेवले की काढले, हे कळत नाही. ‘टोटल हिस्टरेक्टॉमी’ मधलं टोटलही फसवं आहे. त्यात गर्भाशय आणि त्याचं तोंड येतं, बीजांडकोश येत नाहीत. पाळी सुरू असलेल्या वयात दोन्ही बीजांडकोश काढले, तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

हा शब्दांचा खेळ नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न गाजला, तेव्हा सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहीच्या आधी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. नेमकं काय काढणार? आणि न काढता दुसरा इलाज आहे का?

हे बोलायचं कसं?

लाज वाटते, हे खरं कारण. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर मराठीत लिहीत होते, आणि त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. तरी शब्द आपल्याकडे आहेत. प्लॅसेंटा म्हणजे वार, कॉर्ड म्हणजे नाळ, पाणी साठलेली पिशवी म्हणजे पाणमोट, ब्रीच म्हणजे पायाळू.

त्यामुळे पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टर, नर्स किंवा आशाताईंना विचारा, “याचा मराठीत अर्थ काय? आता आम्ही काय करायचं?” तो तुमचा हक्क आहे. आणि फाइलमधला ए १ दिसला, तर तिला जाब विचारू नका. तिची तब्येत कशी आहे, ते विचारा.