नोटेवरच्या गावाची किंमत

नोट जितकी जुनी तितकी महाग, हा समज अमेरिकेच्या नॅशनल बँक नोटांपाशी टिकत नाही. आपल्याकडे १८६१ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेचा नोटा काढण्याचा हक्क गेला आणि ते काम सरकारने स्वतःकडे घेतले. अमेरिकेने दोनच वर्षांनी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, वेगळी वाट धरली. बँकेने सरकारी रोखे खजिन्यात तारण ठेवायचे आणि त्या बळावर स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या. नमुना देशभर एकच, पण नोटेवर नाव त्या बँकेचे आणि तिच्या गावाचे. सरकारकडून आलेल्या छापील तावांवर बँकेचे अध्यक्ष आणि कॅशियर सह्या करत. १९३५ मध्ये ही पद्धत संपली, तोवर बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या होत्या.

फाटकी-मळकी नोट वॉशिंग्टनला परत जाई आणि नष्ट होई. बँक बुडाली तरी नोट बुडत नसे, कारण तारण सरकारकडे होते. म्हणून लोक ती निर्धास्तपणे खर्चत आणि जपून ठेवण्याचे कारणच उरत नसे. नोटेवरच्या या विश्वासानेच तिला दुर्मीळ केले, असे मला ठामपणे वाटते. छापल्या किती यापेक्षा उरल्या किती, हा प्रश्न त्यामुळे मोठा ठरतो, आणि संग्राहक उरलेल्या नोटांची अनुक्रमांकासह नोंद ठेवतात. १९२९ च्या मालिकेतली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या बँकेची वीस डॉलरची नोट आजही दर्शनी किमतीच्या काही पटींत मिळते. त्याच मालिकेतली, एखाद्या खेड्यातल्या बँकेची एकुलती एक ज्ञात नोट हजारो डॉलरना जाऊ शकते.

नोटेच्या प्रतीला काहीच मोल नाही का? सर्रास मिळणाऱ्या नोटांत आहेच. तिथे एका घडीनेही भाव उतरतो. एकमेव नोट मात्र चुरगळलेली असली तरी घेणारा घेतो, कारण दुसरी निवडायला नसते. केवळ दुर्मीळपणा पुरत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मान्य करायला हवा. पेनसिल्व्हेनियात नोटा काढणाऱ्या बँका उदंड होत्या, नेवाडात मोजक्या. प्रत्येक राज्याची एक तरी नोट हवी असणाऱ्याला नेवाडात निवडच थोडी, म्हणून सारख्याच दुर्मीळ दोन नोटांत नेवाडाची सहसा महाग पडते. शिवाय ‘एकमेव’ म्हणजे आजवर सापडलेली एकच. जुन्या तिजोरीत त्याच बँकेचा गठ्ठा निघाला, तर भाव कोसळतो. लिलावात बोली लावणाऱ्याने नोटेच्या वयाआधी संग्राहकांची उरलेल्या नोटांची नोंद पाहावी, आणि तिच्यात भर पडू शकते हे धरूनच आकडा ठरवावा.